गिलावा व्हायच्या आधी

बाथरूमचं काम काढलं तेव्हा परवानगी आणि तपासणी या दोन्हींचा मला मनापासून राग आला होता. पाइप भिंतीत बसलेले, गवंडी गिलाव्याला तयार, आणि तपासनीस दोन दिवसांनी येणार म्हणून काम ठप्प. आई आंघोळीला शेजारी जात होती.

तपासनीस आले, गीझरच्या पॉइंटपाशी वाकले आणि अर्थिंगची हिरवी तार दोन बोटांत धरून हलकेच ओढली. ती सुटून त्यांच्या हातात आली. टोक नीट सोललंच नव्हतं; स्क्रू तांब्यावर न आवळता वरच्या आवरणावर आवळला होता. आमचा वायरमन कामाला चोख. पण तो त्या दिवसाचा शेवटचा पॉइंट होता, अंधार पडला होता.

अर्थिंग नसलं तरी गीझर पाणी तापवतोच, त्यामुळे आम्हाला कधी कळलंच नसतं. आतली कॉइल फुटून टाकीच्या पत्र्यात करंट उतरला की त्याला जमिनीत जायला ती तार हवी. तीस मिलिअँपिअरला पडणारा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, आमच्याकडे आहे, पण अर्थिंगच नसेल तर माणसाचा हात लागेपर्यंत त्याला गळती कळायची नाही. आणि तिथे पहिला हात आईचाच लागला असता.

जाता जाता त्यांनी बीमकडे बोट दाखवलं. पाइप सरळ नेण्यासाठी खालच्या बाजूने खाच मारली होती, आत सळई दिसत होती. बीमला वाकताना पडणारा ताण मधल्या भागात खालच्याच सळया पेलतात, आणि त्यांना गंजापासून जपतं ते त्यांच्याभोवतीचं इंचभर काँक्रीट. पाइप बीमच्या खालून वळवला, खाच बुजवून घेतली. यात आणखी एक दिवस गेला.

म्हणून परवानगीचा कागद म्हणजे सुरक्षितता, असं मात्र मी म्हणणार नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरचं नूतनीकरण रीतसर मंजुरी घेऊन झालं होतं, काम पूर्ण झाल्याचा दाखलाही मिळाला होता. जून २०१७ मध्ये आग लागली, बाहेरून बसवलेल्या ज्वलनशील आवरणावरून ती वर चढली आणि ७२ माणसं गेली. आमच्या आधीच्या घराची तपासणीही मला आठवते: गिलावा, रंग सगळं झाल्यावर एक गृहस्थ आले, दारातूनच आत डोकावले आणि सही करून गेले. रंगवलेल्या भिंतीकडे बघून आतलं काय कळणार? ती सही नसती तरी चाललं असतं.

नुसत्या फरशा बदलायला परवानगी मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अशा कामांनाही कागद मागितले की लोक सुट्टीच्या दिवशी दार लावून भिंती पाडतात, आणि मग पाडलेली भिंत वरच्या मजल्याचा भार घेणारी होती का, हे बघायला कोणीच नसतं. वीज, गॅस आणि भार घेणारी भिंत किंवा बीम, एवढ्यांना हात लागणार असेल तर मात्र तपासनीस यायलाच हवा, आणि तोही सगळं उघडं असताना.

आता स्वयंपाकघराचं काम काढतोय. गवंड्याला आधीच सांगून ठेवलंय, तपासणी झाल्याशिवाय गिलाव्याचा माल कालवायचा नाही. उघड्या भिंतींचे फोटो टेप लावून काढणार आहे, कुठली तार जमिनीपासून किती उंचीवर आहे ते दिसेल असे. वायरमनही तोच आहे. परवा त्याने स्वतःहून प्रत्येक तार ओढून दाखवली.