बारमाही पानाचे दूध

मुंबईत लेट्यूस लावणाऱ्याचे वर्ष फार लहान असते. नोव्हेंबरात बी पेरावे, डिसेंबर-जानेवारीत कौतुकाने पाने खुडावीत आणि फेब्रुवारी सरता सरता एका सकाळी पाहावे, तर कालपर्यंत ऐसपैस पसरून बसलेल्या रोपाने मधोमध दांडा काढलेला असतो. त्यानंतरचे पान जिभेवर ठेववत नाही. उन्हाळ्यात हट्टाने पुन्हा पेरले, तर तिशीपलीकडच्या तापमानात बी रुजतच नाही. ते मेलेले नसते, नुसते निजून राहते. युनानी वैद्यकात झोप यावी म्हणून देतात ते काहूचे बी म्हणजे या लेट्यूसचेच बी, हे कळल्यावर मात्र त्या निजण्याचा राग धरणे मी सोडून दिले.

असे तीन हिवाळे गेल्यावर मी बारमाही लेट्यूसच्या शोधाला लागले. आपण सँडविचमध्ये घालतो त्या लेट्यूसचे शास्त्रीय नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली नोंदवले, तेव्हाच ‘लॅक्टुका पेरेनिस’ या त्याच्या बहुवर्षायू भावंडाचेही नोंदवले. निळ्या फुलांचे हे झाड युरोपातल्या चुनखडीच्या कोरड्या उतारांवर वाढते, थंडीत जमिनीखाली दडते आणि वसंतात पुन्हा फुटते. ज्याला दडून बसायला खरी थंडी लागते, त्याला मुंबईत आणून छळण्यात अर्थ नव्हता. दुसरे भावंड ‘लॅक्टुका इंडिका’. तैवान, फिलिपिन्स, व्हिएतनाम अशा दमट, उष्ण मुलखांत याची पाने भाजीसाठी खुडतात. बागकामाचे वेड असलेल्या एका स्नेह्यांनी त्याच्या बियांची पुडी दिली आणि माझ्या पूर्वेकडच्या ग्रिलमध्ये एक बारा इंची कुंडी वाढली.

बी मातीवर नुसते भुरभुरले, वर मातीचा जाड थर दिला नाही, कारण लेट्यूसच्या बियांना रुजताना उजेड लागतो. रोप मात्र लेट्यूससारखे अजिबात दिसेना. गड्डा नाही, कुरळेपणा नाही. सरळ खोड आणि त्यावर भाल्याच्या पात्यासारखी लांब पाने. ते कमरेएवढे झाले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर येऊन निरखून पाहिले आणि विचारले, “तंबाखू लावलायस का गं?”

खुडण्याची रीतही निराळी आहे. खालून चार-पाच पाने घ्यायची, शेंड्याला हात लावायचा नाही, आणि आठवडाभर त्याच्या वाटेला जायचे नाही. देठ मोडला की पांढरे दूध टपकते. ‘लॅक्टुका’ हे नावच दुधासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आले आहे. हे दूध बोटांवर सुकून तपकिरी होते आणि साबणाला दाद देत नाही, त्यामुळे शनिवारची माझी खुडणी सोमवारी कचेरीत सर्वांना दिसते. कडूपणाही त्या दुधातच असतो. पाने उभी बारीक चिरून, दाण्याचे कूट, लिंबू आणि किंचित साखर घालून कोशिंबीर केली, तर तो सुसह्य होतो. जून पाने लसणीच्या फोडणीवर परतलेलीच बरी. गोड, कुरकुरीत पानाची आशा धरणाऱ्याने या झाडाच्या नादी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आई मात्र पहिल्या घासालाच म्हणाली, “ही तर आपली पाथरी!” तिच्या माहेरी, सोलापूरकडे, शेताच्या बांधावर उगवणारी पाथरी भाकरी-पिठल्याबरोबर कच्चीच खातात. तिलाही असेच दूध आणि अशीच पिवळी फुले असतात, आणि दोघीही झेंडू-शेवंतीच्या कुळातल्या. तीन हिवाळे मी जे शोधत होते, त्याची चव आईला साठ वर्षांपासून ठाऊक होती, आणि हे तिने त्या दिवसापासून मला अनेकदा ऐकवले आहे.

उन्हाळ्याची मला भीती होती, पण दुपारची सावली आणि सकाळ-संध्याकाळचे पाणी एवढ्यावर तो निभावला. खरी परीक्षा जुलैची. सतत ओल्या मातीत मुळे कुजतात, म्हणून मी कुंडी दोन विटांवर चढवली, मातीत जाड वाळू मिसळली आणि पाऊस थेट पडणार नाही अशा कोपऱ्यात सरकवली. तरी रात्री गोगलगायी चढून पानांना भोके पाडतच. टॉर्च घेऊन त्या वेचणे हा त्या महिन्यातला माझा नित्यनेम होता.

पुढे झाडाला कळ्या आल्या. एरवी दांडा वेळीच खुडायचा असतो, आणि खोड फार निबर झाले तर वीतभर ठेवून छाटायचे, म्हणजे बुडापासून नवे फुटवे येतात. या खेपेला बियांसाठी मी एक फांदी राखली. फिकट पिवळी फुले आली, त्यांच्या म्हाताऱ्या झाल्या आणि वाऱ्यावर ग्रिलबाहेर उडून गेल्या. महिन्याभराने काकूंनी खालूनच हाक मारली: “अगं, तुझा तंबाखू माझ्या तुळशीत उगवलाय. उपटू, की येतेस न्यायला?”