फाटक होतं तसं ठेवायचं: आस्तुरियासच्या डोंगरात नऊ दिवस

उत्तर स्पेनच्या आस्तुरियास प्रांतात, आरेनास दे काब्रालेस गावाच्या वर कुरणाकडे जाणाऱ्या पायवाटेवर एक लोखंडी फाटक होतं, तारेच्या आकड्याने अडकवलेलं. मी आणि माझी धाकटी बहीण ते उघडून पलीकडे गेलो आणि फोटो काढत पुढे चालू लागलो. मागून हाक आली. उताराच्या कडेला एक आजोबा उभे होते, पायात खडावांसारख्या लाकडी माद्रेन्यास. ते हाताने फाटकाकडे खूण करत होते. आम्ही धावत जाऊन आकडा लावला, तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि वळून कामाला लागले.

संध्याकाळी आमच्या घरमालकीणबाईंनी नीट समजावलं. लावलेलं फाटक लावूनच पुढे जायचं आणि उघडं असेल तर उघडंच ठेवायचं. काही फाटकं मुद्दाम उघडी ठेवलेली असतात, ती लावली तर गुरांना पाण्यापर्यंत जाता येत नाही. नऊ दिवसांत जे काही शिकलो त्याचं मूळ मला या एका गोष्टीत दिसतं. पिकोस दे एउरोपा ही इथली डोंगररांग राष्ट्रीय उद्यान आहे, त्याची सुरुवात १९१८ सालची, स्पेनमधलं सगळ्यात पहिलं. तरीही ही कुरणं आजही गुराख्यांची आणि मेंढपाळांची रोजची कामाची जागा आहेत. आपले धनगर ऋतूप्रमाणे कळप हलवतात, तशी इथली गुरं उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर, माजादांवर जातात आणि थंडी पडायला लागली की खाली येतात.

म्हणूनच वाटेवर भेटणारा मास्तिन कुत्रा पाळीव म्हणून लाड करायचा नसतो. वासराएवढा मोठा हा कुत्रा लांडग्यांपासून कळप राखतो. तो भुंकत समोर आला तर थांबायचं, काठी उगारायची नाही, कळप आणि कुत्रा यांच्या मध्ये येऊ नये इतका लांबचा वळसा घ्यायचा. एकदा आम्हाला पंधरा मिनिटं वाट सोडून गवतातून जावं लागलं. मला तो वळसा मुळीच खटकला नाही, कुत्रा त्याचं काम चोख करत होता.

वाटेवर समोरून येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करायचा, हे इथे गृहीतच असतं. सकाळी 'बुएनोस दीआस', जेवणानंतर 'बुएनास तार्देस', आणि घाईत नुसतं 'बुएनास'. गंमत म्हणजे इथली सकाळ घड्याळावर संपत नाही, जेवणावर संपते. दुपारी दीडलाही लोक 'बुएनोस दीआस' म्हणतात, कारण जेवायचं अजून बाकी असतं. पुन्हा कधीही न भेटणारा वाटसरूही 'आस्ता लुएगो', म्हणजे 'भेटू नंतर', म्हणून पुढे जातो. आपण निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, त्याची मला प्रत्येक वेळी आठवण व्हायची. कुणी दगडावर बसून डबा खात असेल तर जाता जाता 'के आप्रोवेचे' म्हणायचं. जेवण अंगी लागो, असा त्याचा भाव. परक्या माणसाच्या घासाला दिलेली ही सदिच्छा मला फार आवडली.

जेवणाच्या वेळा मात्र आधीच अंगवळणी पाडा. दुपारचं जेवण दोन ते चारच्या दरम्यान. रात्री साडेआठ-नऊच्या आधी बहुतेक ठिकाणी चूलच पेटत नाही. दोन ते पाच दुकानं बंद असतात, तेव्हा पाणी, फळं, पाव सकाळीच घेऊन ठेवावं. दुपारचं 'मेनू देल दीआ' घेतलं की एकाच ठरलेल्या किमतीत दोन पदार्थ, गोड, पाव आणि पेय येतं. जेवण झालं तरी बिल आपणहून आणत नाहीत, कारण जेवणानंतरच्या गप्पा हाही जेवणाचाच भाग. 'ला कुएन्ता, पोर फावोर' म्हटलं की मिळतं. बक्षिसीची सक्ती नाही, सुटे पैसे ठेवले तरी पुरे.

शाकाहारी असाल तर हा परिच्छेद जपून वाचा. माझी बहीण शाकाहारी आहे. 'सोय वेखेतारियाना', म्हणजे 'मी शाकाहारी आहे', एवढं सांगून तिला आलेल्या सॅलडमध्ये ट्यूना होता. वाढणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, इथे 'मांस नको' म्हटलं की माशाचा विचार होतोच असं नाही. मग आम्ही यादीच म्हणू लागलो: 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन आतुन, सिन खामोन', म्हणजे मांस नको, मासा नको, ट्यूना नको, हॅम नको. फाबादा ही इथली प्रसिद्ध पांढऱ्या शेंगबियांची उसळ, पण डुकराच्या मांसाशिवाय ती होत नाही. बहिणीला खरा आधार झाला तोर्तोचा. मक्याच्या पिठाची तळलेली छोटी भाकरीच ती, वर अंडं किंवा चीज. शिवाय बटाट्याची तोर्तिया, म्हणजे अंड्याचं जाड ऑम्लेट, मशरूम आणि शेवटी आरोस कोन लेचे, म्हणजे दुधात तासन्‌तास आटवलेली तांदळाची खीर, वर जळवलेल्या साखरेचा कुरकुरीत थर. खीर खाताना बहीण म्हणाली, "ताई, वेलची असती तर आईचीच."

काब्रालेस चीजबद्दल मी तासभर बोलू शकेन. कच्च्या दुधाचं, बहुतेक गाईच्याच, कधी त्यात शेळी-मेंढीचंही मिसळून. चुनखडीच्या नैसर्गिक गुहांमध्ये, थंड आणि दमट हवेत ते महिनोन्‌महिने पिकतं आणि निळ्या-हिरव्या शिरा धरतं. पूर्वी ते झाडाच्या पानांत गुंडाळत. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आरेनासमध्ये स्पर्धा भरते. २०२३ साली पहिल्या आलेल्या चीजला लिलावात ३०,००० युरो मिळाले. चव तिखट, जिभेला झोंबणारी. पहिला घास पावासोबत आणि अगदी लहान घ्या. काटेकोर शाकाहारी असाल तर हेही माहीत असू द्या, की हे दूध नासवायला पारंपरिक पद्धतीत वासराच्या किंवा करडाच्या जठरातलं रेनेट वापरतात. बहिणीने हे कळल्यावर चीज खाल्लं नाही, आणि घरमालकीणबाईंनी एका शब्दानेही आग्रह केला नाही.

सिद्रा म्हणजे सफरचंदाची हलकी दारू. बाटली डोक्यावर उंच धरून, खाली तिरक्या धरलेल्या पातळ पेल्याच्या काठावर धार सोडतात, म्हणजे तिला फेस येतो. पेल्यात दोन घोटांएवढीच ओततात, तिला 'कुलीन' म्हणतात, आणि फेस बसायच्या आत एका दमात प्यायची. पूर्वापार सगळ्या टोळक्यात पेला एकच. म्हणून शेवटचा थेंबभर भाग ओठ लागलेल्या कडेवरून ओतून द्यायचा, म्हणजे पुढच्याला कड धुतलेली मिळते. ओतणारा स्वतः येऊन ओततो, बाटली उचलून आपणच भरायची घाई करू नये. २०२४ मध्ये या सिद्रा संस्कृतीला युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. आमच्या शेजारच्या टेबलावर आजी, मुलगा आणि नातसून एकाच पेल्यातून पीत होते, ते बघून मला त्या यादीचा अर्थ कळला.

आता कारेस नदीच्या घळीतली वाट. पोन्सेबोस ते काईन, एका बाजूने साधारण १२ किलोमीटर. जलविद्युत कालव्याच्या देखभालीसाठी कड्यात कोरलेली ही वाट, खाली नदी खूप खोल, आणि कठडा जवळजवळ कुठेच नाही. सुरुवातीचा चढ सोडला तर दमछाक नाही, पण मोठी चूक हिशोबात होते. काईनहून पोन्सेबोसला गाडीरस्त्याने यायचं तर शंभर किलोमीटरहून जास्त वळसा पडतो, म्हणून बहुतेक जण चालतच परततात. २४ किलोमीटरची तयारी असेल तरच टोकापर्यंत जा. आम्ही सकाळी आठला निघालो, दोन-दोन लिटर पाणी घेऊन. दरीच्या काठापासून लांब, कड्याच्या भिंतीला लागून चाला आणि समोरच्याला जागा द्या. वरून बकऱ्यांच्या खुरांनी दगड सुटतात, तेव्हा कड्याखाली घोळका करून थांबू नका. अडचणीत फोन ११२ ला. घळीत रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा कुठे चाललोय ते घरमालकांना सांगून निघा.

बुल्नेस या डोंगरातल्या गावाला गाडीरस्ताच नाही. २००१ साली डोंगराच्या पोटातून फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी, रेल्वे सुरू झाली. त्याआधी औषधापासून धान्यापर्यंत सगळं पायवाटेनेच वर जात असे. जाताना ती पायवाट चढा, येताना रेल्वेने या.

कोवादोंगाच्या तळ्यांवर, एनोल आणि एर्सिनावर, हंगामात दिवसा खासगी गाड्या सोडत नाहीत. कांगास दे ओनीसहून बस घ्यावी लागते. तळी १,००० मीटरच्या वर आहेत आणि धुकं तिथे नेहमीचंच. आम्ही पोचलो तेव्हा हातभर अंतरावरचंही दिसत नव्हतं. ओर्बायू पडत होता, आपल्या श्रावणातल्या बुरबुरीसारखा, छत्रीला न जुमानणारा. बरेच जण पुढच्याच बसने परत फिरले. आम्ही दगडावर बसून राहिलो. आधी घंटा ऐकू आल्या, मग तांबूस पाठी दिसल्या, आणि मग गाईंच्या मागे पाणी. दहा-बारा मिनिटं सगळं मोकळं झालं. एक गाय येऊन बहिणीच्या पिशवीचा वास घेऊन गेली, आम्ही हललो नाही. मग धुकं परत उतरलं आणि घंटा तेवढ्या ऐकू येत राहिल्या.