तुम्ही विचारलेत म्हणून : महापालिकेला पुन्हा उभी का राहिले नाही?

यंदाच्या जानेवारीत ठाणे महापालिकेची निवडणूक झाल्यापासून वर्तकनगरच्या बाजारात, सोसायटीच्या सभेत आणि हळदीकुंकवालाही एकच प्रश्न मला हमखास विचारला जातो : "ताई, 2007 साली तुम्ही अपक्ष म्हणून उभ्या राहिला होतात, मग या वेळी का नाही?" विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी उत्तर मनाशी आधीच ठरवलेले असते. कोणाला वाटते वय झाले, कोणाला वाटते तेव्हाच्या पराभवाने हात पोळले. दोन्ही खरे नाही. माझे कारण प्रभागाच्या आकारात आहे, आणि ते उमेदवाराइतकेच मतदाराच्याही कामाचे असल्यामुळे जरा सविस्तर सांगते.

2007 साली ठाण्यात 116 प्रभाग होते आणि प्रत्येकातून एकच नगरसेवक निवडून जात असे. 2001च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 12 लाख 62 हजार होती. म्हणजे सरासरीने एका प्रभागात अकरा हजारांच्या आसपास माणसे आली. एवढा प्रभाग पायी फिरता येतो, आणि मी तो फिरले. लिफ्ट नसलेल्या इमारतींत वरच्या मजल्यावरून सुरुवात करून खाली उतरत यायचे, हे तेव्हाच शिकले. एका घरी आजींनी मला थेट स्वयंपाकघरात नेले आणि भिंतीवरचे कॅलेंडर दाखवले. त्यावर दूधवाल्याच्या खाड्यांसाठी टिंबे होती आणि पाणी न आलेल्या दिवसांसाठी फुल्या. त्या महिन्यात फुल्या जास्त होत्या. महापालिकेचे स्वतःचे धरण नाही, भातसा नदीच्या पाण्याबरोबरच स्टेम हे पाणीपुरवठा प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडून मिळणाऱ्या पाण्यावर शहर चालते, हे मी त्यांना समजावू लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "ते असू दे, महासभेत हे कॅलेंडर दाखवशील का, तेवढे सांग." निवडून आले असते तर दाखवले असते. पडले, पण मतदारांनी मला ओळखून पाडले, असे मी आजही म्हणते.

पुढे चित्र पालटले. 2012 साली दोन सदस्यांचे प्रभाग झाले, 2017 साली चार सदस्यांचे. त्यानंतर सरकारे बदलली तसा आकडाही बदलत गेला : 2019च्या अखेरीस पुन्हा एकसदस्यीय, 2021 साली तीनसदस्यीय, 2022 साली परत चार. हा खेळ, ओबीसी आरक्षणाचा वाद आणि न्यायालयातल्या तारखा यांत मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षे ठाण्यात एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती होता. या काळात गटाराचे फुटलेले झाकण बदलून घ्यायचे असेल तर प्रभाग समितीच्या कार्यालयात अर्ज देऊन वाट पाहण्यापलीकडे काही करता येत नव्हते. नगरसेवक काय करतो, असे विचारणाऱ्यांना ते त्या चार वर्षांत बऱ्यापैकी कळले असावे.

आता आजचा हिशेब पाहा. ठाण्यात 131 जागा आणि 33 प्रभाग आहेत. एक प्रभाग तीन सदस्यांचा, बाकीचे चारचे. 2011च्या जनगणनेतली लोकसंख्या 18 लाख 41 हजार धरली, तरी एका प्रभागात सरासरी पंचावन्न हजारांहून अधिक लोक येतात. प्रत्यक्षात गेल्या पंधरा वर्षांत घोडबंदर पट्ट्यात किती टॉवर उभे राहिले ते सांगायला नको. अपक्ष उमेदवार एका जागेसाठी उभा राहतो, पण त्याचे मतदार पूर्ण प्रभागभर पसरलेले असतात. या निवडणुकीत चिन्हवाटप 3 जानेवारीला झाले, जाहीर प्रचार 13 तारखेला थांबला आणि 15 तारखेला मतदान झाले. पक्षाचे चिन्ह लोकांना वर्षानुवर्षे पाठ असते. अपक्षाला कपबशी की शिट्टी मिळाली हे त्यालाच 3 तारखेला कळते, आणि मग दहा दिवसांत ते पन्नास हजारांवर माणसांच्या डोक्यात बसवायचे असते. खर्चाची मर्यादा ठाण्यात उमेदवारामागे 13 लाखांची होती. पक्षाच्या चार उमेदवारांचे पॅनेल कायद्याच्या चौकटीत राहूनही त्याच प्रभागात 52 लाख खर्च करू शकते, आणि त्यांचे पत्रक, रिक्षा, कार्यकर्ते सगळे सामाईक असते. माझ्यासारखीने ते 13 लाख आणायचे कोठून, हा प्रश्न तर वेगळाच.

मतदाराचीही यात कोंडी होते. चेकनाका ओलांडून मुलुंडला गेलात की मुंबईचा मतदार एकच मत देतो. नाक्याच्या अलीकडच्या ठाणेकराने मात्र चार द्यायची. यंत्रावर अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब ची फिकट गुलाबी, क ची फिकट पिवळी आणि ड ची फिकट निळी, आणि चारही जागांची बटणे दाबल्याशिवाय मत पूर्ण झाल्याचा लांब आवाज येत नाही. आमच्या शेजारचे काका बाहेर येऊन तक्रार करत होते की एक बटण दाबले तरी यंत्र गप्पच, आणि अधिकाऱ्याने सांगितल्यावर उरलेली तीन त्यांनी त्याच चिन्हावर दाबून टाकली. वास्तविक या चार स्वतंत्र निवडणुका असतात. चारही जागांवर वेगवेगळ्या पक्षांना किंवा अपक्षांना मत देता येते, आणि एखाद्या जागेवर कोणीच पसंत नसेल तर तेवढ्या जागेपुरता "वरीलपैकी एकही नाही" हा पर्यायही असतो. हे माहीत असूनही घाईत बहुतेक जण काकांसारखेच करतात, आणि पॅनेलची सारी बांधणी त्याच भरवशावर असते.

चारच्या प्रभागाच्या बाजूने एक मुद्दा मात्र मला मान्य करावा लागतो. एकसदस्यीय पद्धतीत आरक्षणाची सोडत निघाली की अख्खा प्रभाग राखीव होतो आणि पाच वर्षे राबलेल्या नगरसेवकाला बाजूच्या प्रभागात जागा शोधत फिरावे लागते. आता 131 पैकी 66 जागा महिलांसाठी आहेत आणि जवळजवळ प्रत्येक प्रभागात दोन-दोन येतात, त्यामुळे ही उचलबांगडी बरीच कमी झाली. पण त्याची किंमत अशी की पाणी आले नाही तर चौघांपैकी कोणाचे दार वाजवायचे हे ठरत नाही, आणि चौघेही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे असतात.

यावर हटकून पुढचा प्रश्न येतो : मग पक्षातर्फे का नाही उभ्या राहिलात? विचारणा झाली होती. महिलेच्या जागेसाठी नाव हवे होते. पत्रक चौघांचे एकच, त्यातला मजकूर वरून ठरून येणार, आणि प्रभागातल्या पाण्याबद्दल मी वेगळे काही बोलायचे नाही, असे मला चहा पाजून, अगदी गोड शब्दांत सांगण्यात आले. मी चहा घेतला आणि नकार दिला.