नोंद ११: चौथा ट्रे फुगला

काल रात्री सव्वाअकराला चौथा ट्रे ओटीजी ओव्हनमधून काढला आणि पहिल्या ट्रेच्या शेजारी ठेवून पट्टी लावली. पहिल्यातला कपकेक ४६ मिलिमीटर, चौथ्यातला ४४. दोन मिलिमीटरचा फरक. मागच्या नोंदीत हाच फरक सतरा होता, आणि चौथ्या ट्रेतल्या कपकेकच्या मधोमध बोट बुडेल एवढा खड्डा होता. आई झोपली होती, तिला उठवून दाखवला.

आधीच्या नोंदी वाचलेल्यांना पार्श्वभूमी माहीत आहेच. नवीन मंडळींसाठी दोन ओळी: सोसायटीच्या गणपतीला बिनअंड्याचे कपकेक करायचे आहेत. माझ्या २८ लिटरच्या ओटीजीत सहा खळ्यांचा एकच ट्रे बसतो. एका घाण्याचं बॅटर म्हणजे चोवीस कपकेक, म्हणजे चार फेऱ्या. चौथा ट्रे आत जाईपर्यंत बॅटर तासभर भांड्यात थांबलेलं असतं. तेवढा वेळ गॅस राखून ठेवेल अशी बेकिंग पावडर घरी बनवायची, हा सगळा खटाटोप त्यासाठी. चार वेळा थोडं थोडं बॅटर कालवता येतं, हे मान्य. पण आरतीच्या दिवशी चार वेळा वजनं करत बसणं मला नको आहे, आणि या प्रश्नाचं उत्तर पावडरमध्येच आहे अशी माझी पहिल्यापासून खात्री होती.

बेकिंग पावडरमधला खायचा सोडा ओलाव्यात आम्लाला भेटला की गॅस सुटतो. नोंद ८ मध्ये एकट्या एमसीपीवर, म्हणजे मोनोकॅल्शियम फॉस्फेट या आम्लावर केलेली पावडर होती. एमसीपी ओलं झालं की लगेच कामाला लागतं, साठ टक्क्यांच्या आसपास गॅस फेटतानाच सुटतो. पहिला ट्रे देखणा यायचा, चौथा बसायचा. माझ्या १०० मिलीच्या स्टीलच्या वाटीत ते बॅटर ताजं असताना ८६ ग्रॅम भरलं आणि तासाने ९९. वाटी तीच, बॅटर तेच, मधला गॅस उडून गेलेला. बॅटरचं वजन असं वाटीत करून बघा. यासारखी स्वस्त आणि खरं सांगणारी चाचणी मला दुसरी सापडलेली नाही.

म्हणून नोंद ९ मध्ये एसएपीपीकडे वळलो. सोडियम अ‍ॅसिड पायरोफॉस्फेट हे दुसरं आम्ल, पाकिटांवर ४५०(i) म्हणून दिसतं ते. हे थंडपणी सुस्त असतं आणि उष्णता लागली की जागं होतं. तरीही चौथा ट्रे बसला. मी सगळ्यांना दोष देऊन झालो: मैदा, कंडेन्स्ड मिल्क, ओटीजीचा खालचा कॉइल, पावसाळी हवा. तीन शनिवार यात गेले.

मग सिरिंजचा प्रयोग मांडला. छोट्या बाटलीत १० मिली पाणी, वर रबरी बूच, बुचातून नळी, नळीला ६० मिलीची सिरिंज. अर्धा ग्रॅम पावडर टाकायची, म्हणजे त्यात ०.१५ ग्रॅम सोडा. तो सगळा सुटला तर ३० अंशांना साधारण ४४ मिली कार्बन डायऑक्साइड व्हायला हवा. थोडा पाण्यात विरघळतो, म्हणून मी आकड्यापेक्षा प्रमाण बघतो: आठव्या मिनिटाला किती, आणि बाटली गरम पाण्यात बुडवून परत गार केल्यावर एकूण किती.

पाण्यात एसएपीपी पळतच सुटलं. सुस्त म्हणवणारं ते हेच का, असं वाटून मी त्या रात्री प्रयोग मोडीत काढणार होतो. पण बॅटर पाण्याचं नसतं, दुधाचं असतं. दुसऱ्या दिवशी पाण्याऐवजी दूध घेतलं आणि सिरिंजचा दांडा एकदम सावकाश सरकायला लागला. दुधातलं कॅल्शियम एसएपीपीला आवरून धरतं. हे वाचलेलं होतं, पण दांडा थांबत थांबत वर येताना बघणं वेगळंच. मी वीस मिनिटं तिथून हललो नाही.

तरीसुद्धा दुधातला आकडा जुळेना. आठ मिनिटांत ४० पैकी १७ मिली, म्हणजे बेचाळीस टक्के. तिथे डोक्यात प्रकाश पडला. एसएपीपी एकच नसतं. त्याचे वेगाप्रमाणे ग्रेड असतात, २८, ४० असे, आणि तो नंबर म्हणजे ठरावीक चाचणीत पहिल्या आठ मिनिटांत किती टक्के गॅस सुटतो ते. चाळिशीच्या घरातलं डोनटसाठी, कारण तिथे पीठ लगेच तेलात पडतं. विशीतलं आणि त्याखालचं थंड ठेवायच्या पिठांसाठी. माझ्या पुडीवर नंबरच नव्हता. मसजिद बंदरच्या ज्या दुकानातून आणली तिथे विचारलं तर 'बेकरीवाले हेच नेतात' एवढंच उत्तर मिळालं. बेकरीवाले नेत असतील, पण माझे तीन शनिवार गेले. नंबर, बॅच आणि फूड ग्रेडचा दाखला नसेल तर फॉस्फेट घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. साध्या औद्योगिक मालात शिसं, आर्सेनिक किती आहे याची हमी नसते आणि आपण हे लोकांच्या पोटात घालणार आहोत.

तुर्भ्याच्या एका व्यापाऱ्याकडे २८ नंबर मिळाला. त्याच्याकडे माल २५ किलोच्या गोणीतच येतो, पण घरगुती प्रयोग आहे म्हटल्यावर त्याने अर्धा किलो सुटा दिला आणि दाखल्याची प्रतही दिली. आठ मिनिटांना ४० पैकी १२ मिली. माझं स्वयंपाकघर ओटीजी चालू असताना ३१ अंशांवर असतं आणि ही चाचणी करतात २७ अंशांना, तेव्हा हा आकडा मला पटला.

यावर केलेली पावडर अशी: सोडा ३०, एसएपीपी ४१.७, बाकी कॉर्नफ्लोअर, एकूण १००. एसएपीपीचं न्यूट्रलायझिंग व्हॅल्यू ७२, म्हणजे १०० ग्रॅम एसएपीपी ७२ ग्रॅम सोडा मारतं. आणि चौथा ट्रे फुगला! आनंद दहा मिनिटं टिकला. गार झालेला कपकेक आईने खाल्ला आणि म्हणाली, "दातांवर काहीतरी बसलंय रे, कच्चा आवळा खाल्ल्यासारखं." मी खाल्ला. तीच ती पायरोफॉस्फेटची चव. जिभेच्या कडेला ओढ बसते आणि घासभर पाणी प्यायलं तरी जात नाही. जाळीही नीट नव्हती, मोठी मोठी भोकं आणि मधे भुयारं.

पुढचे आठ दिवस मी या चवीच्या मागे होतो. व्हॅनिला दुप्पट केला, वेलची घातली, कोको घातला. कोकोत ती लपते, आणि म्हणूनच दाट चवीच्या पदार्थांत एसएपीपी खपून जातं. पण गणपतीला आईला केशर-वेलची हवी आहे, आणि त्यात ती लपत नाही.

वाट आईनेच दाखवली. मंगळवारी तिने उरलेला कपकेक चहात बुडवून खाल्ला आणि म्हणाली, आज काही लागत नाही दातांना. मी आधी चहाच्या चवीला श्रेय दिलं. मग कोऱ्या चहाबरोबर खाऊन पाहिला: ओढ तशीच. गार दुधाबरोबर: नाही. पुन्हा कोरा चहा, पुन्हा दूध. चार वेळा तेच. पायरोफॉस्फेट कॅल्शियमच्या मागे लागतं, आणि दातांवरचं ते खरखरीतपण त्यातूनच येतं असं सांगतात. त्याला कॅल्शियम आधीच मिळालं तर? आणि कॅल्शियम माझ्या कपाटात पडून होतं, नोंद ८ मधल्या एमसीपीच्या बरणीत.

कालची पावडर: सोडा ३०, एसएपीपी २८, एमसीपी १२, कॉर्नफ्लोअर ३०. हिशेब करून बघा. २८ गुणिले ०.७२ म्हणजे २०.१६, १२ गुणिले ०.८० म्हणजे ९.६०, बेरीज २९.७६. सोडा जवळजवळ पूर्ण मारला जातो, साबणाची चव येत नाही, पिवळटपणा येत नाही. १०० ग्रॅम मैद्याला ४ ग्रॅम पावडर. एमसीपीचा वाटा तिसऱ्या हिश्श्याइतकाच असल्यामुळे फेटताना थोडाच गॅस सुटतो, पण तेवढा लागतो. तेच बुडबुडे नंतर ओटीजीत एसएपीपीच्या गॅसने फुगतात. एकट्या एसएपीपीला भुयारं का पडत होती तेही कळलं: सुरुवातीचे बारीक बुडबुडेच नव्हते, म्हणून गॅस मिळेल त्या वाटेने गेला. काल वाटीचं वजन सुरुवातीला ९५ आणि तासाने ९६.

कपकेक आडवा कापला. जाळी रव्याच्या इडलीसारखी एकसारखी, कडेपासून मधापर्यंत. बोटाने दाबला तर परत वर आला. सकाळी आईने गार कपकेक कोऱ्या चहाबरोबर खाल्ला, मुद्दाम. "जरासं आहे," म्हणाली, "पण मला माहीत आहे म्हणून."

ते 'जरासं' घालवायचं आहे. ठरवलं होतं की रविवारी एमसीपी १२ वरून १५ करायचं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की चुकीच्या टोकाने चाललोय. एमसीपी वाढवलं की चौथा ट्रे पुन्हा बसणार. त्यापेक्षा दूध फ्रिजमधलं घ्यावं आणि बॅटरचं भांडं बर्फाच्या परातीत ठेवावं. ३१ अंशांऐवजी १८ वर बॅटर राहिलं तर एसएपीपी आणखी आवरेल, आणि मग एमसीपी वाढवायला जागा मिळेल. दोन्ही एकदम बदलणार नाही. रविवारी फक्त बर्फ.

पावसाळ्यात पावडर बनवणाऱ्यांसाठी: कॉर्नफ्लोअर जांभळी नाक्यावरून आणतो ते सरळ बरणीत घालू नका. १०० अंशांवर तासभर वाळवून, बरणीत गार करून मग मिसळा. ओलं कॉर्नफ्लोअर म्हणजे बरणीतच सुरू झालेली रिअ‍ॅक्शन. माझ्या नोंद ९ च्या पावडरीत आठवड्यात गुठळ्या झाल्या होत्या.

सोसायटीतल्या एका वहिनींनी विचारलं, हे फॉस्फेट हाडांचं असतं ना, मग नैवेद्याला कसं चालेल? प्रश्न अगदी रास्त आहे. हार्वर्डच्या एबेन हॉर्सफर्डने १८५६ मध्ये एमसीपीचं पेटंट घेतलं तेव्हा ते हाडांपासूनच काढत होते. आता फॉस्फेट खनिज दगडातून येतं. व्यापाऱ्याच्या दाखल्यावर मूळ खनिज असल्याचं लिहिलेलं आहे, तो कागद मी त्यांना दाखवला आणि त्यांचं समाधान झालं.

चीज सॉस फुटू नये म्हणून फॉस्फेट घालण्याबद्दल दोघांनी विचारलं. डायसोडियम फॉस्फेटने सॉस फुटत नाही, कारण ते चीजमधल्या केसीन या प्रथिनाचं कॅल्शियम काढून सोडियम देतं आणि सुटं झालेलं केसीन स्निग्धांश धरून ठेवतं. पण गार झाल्यावर मला त्यात साबणाचा वास आला. सोडियम सायट्रेटचा सॉस जास्त आवडला. गणपतीनंतर त्यावर सविस्तर.

आणखी एक काम आजच वाढलं. शेजारच्या काकांचं डायलिसिस चालू आहे. काकी म्हणाल्या, त्यांना फॉस्फेट घातलेलं काही द्यायचं नाही असं डाएटिशियनने बजावलंय. बरोबरच आहे. डाळी-धान्यांतल्या फॉस्फरसपेक्षा असं वरून घातलेलं फॉस्फेट शरीरात कितीतरी जास्त शोषलं जातं. मला पहिल्यांदा क्रीम ऑफ टार्टर सुचलं, पण ते पोटॅशियमचं मीठ, तेही त्यांना नको. मग जीडीएल आठवलं, ग्लुकोनो डेल्टा लॅक्टोन, टोफू घट्ट करायला वापरतात ते. त्यात फॉस्फेट नाही, पोटॅशियम नाही, आणि पाण्यात हळूहळू आम्ल होतं म्हणजे वेगही सोयीचा. एक ग्रॅम सोड्याला साधारण २.१ ग्रॅम लागेल. दूध, कंडेन्स्ड मिल्क यांतही फॉस्फरस असतोच आणि सोड्यात सोडियम, म्हणून काकींनी पूर्ण कृतीच डाएटिशियनला दाखवायचं कबूल केलंय. मी ती आत्ता ग्रॅममध्ये लिहून, एका कपकेकला किती काय पडतं तेही मांडून, त्यांच्या दाराच्या फटीतून आत सरकवली आहे. डाएटिशियनचं हो आलं तर सहाचा एक ट्रे वेगळा, आणि तो सगळ्यात आधी भाजायचा.