सुगंधी मेणबत्ती घेताय? आधी घराची हवा बघा

सुट्टीत गावी यायचं ठरलं की एक मागणी हमखास असते, तिकडची सुगंधी मेणबत्ती आण. कोणी फोटोच पाठवतं, काचेच्या ग्लासातली, वर लाकडी झाकण असलेली. आणि जे ऑनलाइन घेणार असतात ते विचारतात की लव्हेंडर घेऊ का व्हॅनिला, पाचशेची घेऊ का दीड हजाराची. म्हणून म्हटलं एकदाच सविस्तर लिहावं, कारण डेन्मार्कला आल्यापासून मला ह्या विषयाची खरंच गोडी लागलीय आणि चांगली मेणबत्ती कशी ओळखायची हे सांगायला मला मनापासून आवडतं.

आम्ही मूळचे अमळनेरचे, राहतो आरहुसला. नवरा पवनचक्क्यांच्या कामात आहे, आपल्या साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या डोंगरावर त्या रांगाच्या रांगा दिसतात ना, त्याच धंद्यात. इथं डिसेंबरात सूर्य साडेआठ वाजून गेल्यावर उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतोसुद्धा. मुलं शाळेतून येतात तेव्हा अंधार पडत आलेला असतो. त्यामुळे मेणबत्ती इथं वाढदिवसापुरती नसते, ती रोजची असते. खिडकीत, कॅफेच्या टेबलावर, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, हिवाळ्यात तर सकाळच्या नाश्त्यालासुद्धा. डिसेंबरात एक खास मेणबत्ती मिळते तिच्यावर १ ते २४ आकडे असतात, रोज एक आकडा जळेल एवढा वेळ लावायची, नाताळच्या आदल्या दिवशी संपते. माझ्या आईनं पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर समोरच्या बिल्डिंगच्या सगळ्या खिडक्यांत मेणबत्त्या पाहिल्या तेव्हा तिनं काळजीनं विचारलं, "तठे बी लाइट जास का व?"

आणि ४ मेची संध्याकाळ तर मला फार आवडते. १९४५ साली त्या संध्याकाळी बीबीसी रेडिओवर बातमी आली की डेन्मार्कमधल्या जर्मन फौजा शरण आल्या, आणि पाच वर्षं खिडक्यांना काळे पडदे लावून बसलेल्या लोकांनी ते पडदे काढून खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. आजही खूप घरांत लावतात. मे महिन्यात इथं उजेड उशिरापर्यंत असतो, तरी लावतात.

पण ह्यातली गोष्ट लक्षात घ्या, ह्या बहुतेक मेणबत्त्यांना वासच नसतो. साध्या, पांढऱ्या, उंच. सुगंधी वेगळी, ती बैठकीच्या खोलीत किंवा बाथरूममध्ये, आणि जेवायच्या टेबलावर तर मी ती कधीच ठेवत नाही. शेवभाजीच्या रश्श्याशेजारी गुलाब जळत असेल तर ना रश्श्याचा वास धड येतो ना गुलाबाचा. पाहुणे यायचेत म्हणून टेबलावर सुगंधी मेणबत्ती लावायचा विचार असेल तर पाहुणे यायच्या तासभर आधी लावा, ते आले की विझवा, वास राहतोच.

आता मुद्द्यावर येते. मेणबत्ती निवडताना लोक डब्यावरचं नाव बघतात, मी म्हणते आधी घराची हवा बघा. इथली घरं थंडीसाठी बांधलेली, खिडकीला दोन-तीन काचा, दारालाही फट नाही. अशा घरात आपण काळ्या मसाल्याची फोडणी दिली की तो वास दोन दिवस पडद्यात, सोफ्यात आणि मुख्य म्हणजे दाराशी टांगलेल्या कोटात जाऊन बसतो, आणि तोच कोट घालून दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसायचं असतं. नवीन आलेली बरीच मंडळी काय करतात तर जोरदार व्हॅनिलाची मेणबत्ती लावतात, मग घरात व्हॅनिला आणि मिरचीचा ठेचा असा मिळून तिसराच वास तयार होतो जो दोन्हींपेक्षा वाईट. मेणबत्ती वास घालवत नाही, वासावर वास चढवते. इथं लोक कडाक्याच्या थंडीतसुद्धा दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडतात, तसं आधी करायचं, मग मेणबत्ती. नंतरही परत एकदा हवा खेळती करायची, कारण कुठलीही मेणबत्ती जळताना थोडे बारीक कण हवेत सोडतेच, नॅचरल असो की नसो. घरात दमा असलेलं कोणी असेल तर मी सुगंधी लावूच नका म्हणेन.

मेण कुठलं हे दुसरं. सोया वॅक्सचा हल्ली खूप बोलबाला आहे, ते म्हणजे नेमकं काय हे अमळनेरकरांना समजावणं सगळ्यात सोपं. विप्रो १९४५ साली आपल्या गावात सुरू झाली ती वनस्पती तूप बनवायला, पातळ तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करायचं. सोया वॅक्सही तसंच, सोयाबीनच्या तेलावर तीच प्रक्रिया, फक्त जास्त घट्ट होईपर्यंत. हे मेण मऊ असतं, कमी गरमीत वितळतं, सावकाश जळतं, म्हणून ते ग्लासातच भरतात. वर कधी पांढरे तुषार आल्यासारखे दिसतात त्याला घाबरू नका, मेण खराब नाही, सोयाचा तो स्वभाव आहे. पॅराफिन पेट्रोलियममधून येतं, स्वस्त पडतं आणि वास चांगला फेकतं. पॅराफिन म्हणजे विष असं जे फिरतं ते मला पटत नाही, मेणबत्ती काळा धूर सोडते ती बऱ्याचदा वात लांब झाल्यामुळे किंवा वारा लागल्यामुळे. आणि डब्यावर 'सोया ब्लेंड' असेल तर त्यात पॅराफिन किती आणि सोया किती ते विचारा, ब्लेंड ह्या शब्दाखाली काहीही खपतं. स्टिअरिन नावाचं एक कडक मेण इथं खूप चालतं, सरळ उभी राहणारी, कमी धूर करणारी मेणबत्ती होते त्याची, पण ते पाम तेलापासूनही बनतं आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. देवघरात ठेवणार असाल किंवा घरात माळकरी कोणी असेल तर हे बघूनच घ्या. मधमाशीच्या मेणाला स्वतःचाच मधासारखा हलका वास असतो, महाग असतं, पण त्यात वरून सुगंध घातलेला मला आवडत नाही.

दुकानात मी आधी डबा उलटा करते. युरोपात सुगंधी मेणबत्तीच्या लेबलवर ॲलर्जी करू शकणारे घटक लिहावे लागतात, लिनालूल, लिमोनिन अशी नावं दिसतात, लिनालूल लव्हेंडरमध्ये असतं, लिमोनिन संत्र्या-लिंबाच्या सालीत. ही नावं दिसली म्हणजे केमिकल भरलंय असं नाही, निसर्गातल्या सुगंधातही तेच असतं. ज्याच्या त्वचेला किंवा नाकाला ते सोसत नाही त्याला कळावं म्हणून लिहितात. ईएन १५४२६ असा आकडा दिसला तर ते काजळी किती धरते ह्याचं युरोपियन मानक आहे. काहीच लिहिलेलं नाही, नुसतं सोनेरी अक्षरात 'लक्झरी', अशी मेणबत्ती मी खाली ठेवून देते.

मग वास. झाकण उघडून नाक खुपसू नका, झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घ्या, तिथं तो जमून राहिलेला असतो आणि जरा खऱ्या प्रमाणात कळतो. तीन-चार वास घेतले की नाक थकतं, मग बाहेर चक्कर मारून यायचं. आणि थंड मेणाचा वास वेगळा, जळताना येणारा वेगळा. लिंबू-संत्र्याचे वास दुकानात भुरळ घालतात पण लवकर उडून जातात, चंदन, देवदार, अंबर हे सावकाश येतात आणि टिकतात. व्हॅनिलाचं मेण काही दिवसांनी पिवळं-तपकिरी पडतं, जुना माल म्हणून परत करू नका.

इथं आरहुसलाच १९७३ साली सुरू झालेलं सॉस्ट्रेने ग्रेने नावाचं दुकान आहे, मेणबत्त्या, कागद, सुतळ्या, टोपल्या असं सगळं मिळतं, आत गेलं की तासभर जातो. अशाच एका दुकानात व्हेटिव्हर लिहिलेली हिरवट ग्लासातली मेणबत्ती उघडली आणि मी तिथंच उभी राहिले. वाळा हो! आपला वाळा! जगातल्या अत्तरवाल्यांना लागणारं ह्याचं तेल मोठ्या प्रमाणात हैती देशातून येतं, पण माझ्या नाकाला काय हैती, मला थेट मे महिन्यातलं आमचं अमळनेरचं घर दिसलं. पत्र्याचा तो मोठा कुलर, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या, बाबा दुपारी एकच्या सुमाराला बादलीनं पाणी मारायचे आणि सुरू केला की पहिला जो झोत यायचा, ओल्या मातीचा, मुळांचा, थोडा कडू थोडा गोड, त्याच्यापुढं आम्ही सगळी भावंडं ओळीनं झोपायचो. आता ताट्यांच्या जागी लाकडाच्या बारीक तंतूंचं गवत किंवा जाळीदार पुठ्ठा आला, तो वास गेला. मेणबत्तीत तो पूर्ण नाही येत, कारण कुलरच्या वासात पाणी असतं आणि मेणबत्तीत धग, त्यामुळे वाळ्याचा धुरकट, मातकट भागच जास्त वर येतो. तरी नोव्हेंबरात बाहेर पावसाची रिपरिप चालू असताना मी ती लावते आणि मला बरं वाटतं. जाळलेल्या लाकडाच्या वासाचीही एक मिळते, लाकडी वातीची, जळताना तडतडते. ती हुरड्याच्या आणि भरीत पार्टीच्या दिवसांसाठी, शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात तो वास ज्यांना आवडतो त्यांना आवडेल.

लावायची पद्धत सांगते, कारण महागाची मेणबत्ती वाया जाते ती इथं. पहिल्यांदा लावाल तेव्हा वरचं मेण ग्लासाच्या कडेपर्यंत पूर्ण वितळेस्तोवर विझवू नका, मोठ्या ग्लासाला दोन-तीन तास लागतात. मध्येच विझवली तर पुढच्या वेळीही तेवढाच गोल वितळतो आणि मध्ये विहीर पडत जाते, कडेचं मेण तसंच राहतं. दर वेळी लावण्याआधी वात अर्धा सेंटिमीटर ठेवून कापायची. सलग चार तासांच्या वर जाळायची नाही. फुंकून विझवली की धुराचा वास सगळा सुगंध मारतो, झाकण ठेवून विझवा.

आता आपल्या खान्देशात कोणती घ्यायची. आपलं घर उघडं, दारं-खिडक्या उघड्या, डोक्यावर पंखा. पंख्याखाली ज्योत हलते, मेण एका बाजूनं जळतं, ग्लास काळा होतो आणि वास दाराबाहेर. म्हणून हॉलसाठी घेऊच नका, तिथं धूप-अगरबत्तीच चांगली, ती वाऱ्यावरच पसरते. मेणबत्ती घ्यायची तर छोटी, बंद खोलीसाठी, बाथरूमसाठी, आणि थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, पंखे बंद असतात तेव्हा. पावसाळ्यात कपाटाला, चादरींना कुबट वास धरतो तेव्हा गवती चहाची किंवा सिट्रोनेलाची एक तासभर लावली तर खोली मोकळी वाटते. उन्हाळ्यात मागवू तर अजिबात नका, सोया मेण साधारण पन्नास डिग्रीच्या आसपास वितळतं आणि मेमध्ये आपल्याकडे सावलीतच ४४-४५ असतात, कुरिअरच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये तर ते पन्नासच्या वर सहज जातं, हातात येईल तेव्हा मेण झाकणाला आणि वात आडवी. मोगरा, जाई, चाफा ह्या वासांची मात्र घेऊ नका, मेणात ते नेहमी साबणासारखे होतात, आणि तुम्हाला बाजारात संध्याकाळी खरा गजरा मिळतो.

ग्लासात तळाशी बोटभर मेण उरलं की थांबायचं, पूर्ण संपेपर्यंत जाळली तर काच तापून तडकते. उरलेलं मेण काढायला ग्लास रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी सुरीच्या टोकानं ते निघून येतं, मग गरम पाण्यानं धुऊन त्यात वेलची ठेवा नाहीतर वाती. गरम मेण मोरीत ओतू नका, पाइपात जाऊन गोठतं आणि मोरी तुंबते.