देवळालीचा चाकू: संगीन नव्हे, कानस!

मूठ न उघडता टँग (पात्याचा मुठीत शिरलेला भाग) दिसला! हा चाकू कशापासून बनवलाय, हे आठ महिने अडलेलं कोडं काल रात्री ग्लिसरीनच्या एका थेंबाने सुटलं.

देवळाली कॅम्पच्या भंगारात मिळालेल्या या चाकूचं पातं १९०७ पॅटर्नच्या ब्रिटिश संगिनीतून कापलेलं असणार, असं मी मागे छातीठोकपणे लिहिलं होतं. फुलर (पात्यावरची लांबट खाच) नसल्याचं खटकत होतं. पण इशापूरच्या (बंगालमधला रायफल कारखाना) आखूड, १२ इंची संगिनींपैकी बऱ्याच बिनफुलरच्याच, म्हणून ते मनाआड केलं.

मुठीत पर्स्पेक्सच्या (पारदर्शक ॲक्रिलिक प्लास्टिक) पिवळट पडलेल्या चकत्या आहेत, पण ओरखड्यांमुळे आतलं काहीच दिसत नव्हतं. स्पिरिट किंवा थिनर लावायचा नाही, पर्स्पेक्सला बारीक तडे जातात. ग्लिसरीन ओरखड्यांत भरलं आणि चकती काचेसारखी साफ झाली. बाजूने टॉर्च धरून घड्याळजीच्या दहापट भिंगातून पाहिलं, तर टँगच्या सपाट अंगावर एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या रेघा. कानशीचे दाते! (यूएसबी मायक्रोस्कोपवर पैसे घालवू नका, हेच भिंग सरस.)

आधी पटेना, कारण कानशीच्या मूळ टँगवर दाते नसतात. मग उलगडलं. तो टँग एवढ्या लांब मुठीला पुरणारच नाही. करणाऱ्याने कानशीचं अंगच दोन्ही कडांनी घासून अरुंद केलंय आणि सपाट बाजूंना हात लावलेला नाही. पात्यावरचे दाते मात्र त्याने इतके नेटाने उतरवलेत की गार्डपाशी (मूठ आणि पात्यामधली आडवी पट्टी) फक्त एक पुसट रेघ उरली आहे. तीच मी इतके दिवस गंजाची खूण समजत होतो.

चकत्याही मोजल्या. सहाही ॲल्युमिनियमच्या १.६ मिमी, म्हणजे १६ गेजच्या एकाच पत्र्यातल्या. पर्स्पेक्सच्या २.८ ते ३.४ मिमी, हाताने घासलेल्या. आणि मुठीतली ती एक लाल चकती! अंगठ्याने गरम होईपर्यंत चोळली तर आरतीच्या कापराचा वास आला. म्हणजे सेल्युलॉइड, बहुधा दात घासण्याच्या ब्रशचा दांडा. पर्स्पेक्स १९३०च्या दशकातलं, त्यामुळे पहिलं महायुद्ध बाद. दुसऱ्या महायुद्धाशी सगळं जुळतंय, पण नुसत्या मुठीवरून शिक्का मारणार नाही.

एक वाईट बातमी. लाल चकतीला लागून असलेलं पितळ हिरवं पडलंय. सेल्युलॉइड कुजताना आम्लाची वाफ सोडतं, आणि मी चाकू हवाबंद डब्यात ठेवला होता. तुमच्याकडे अशी मूठ असेल तर आजच बाहेर काढा, बाकीच्या संग्रहापासून लांब, हवेशीर जागी ठेवा.

मुठीच्या आतलं पाहायला दंतवैद्य मित्राकडे ठरवलेला एक्स-रे आता रद्द... नाही, थांबा. पॉमेलच्या (मुठीच्या टोकावरच्या बोंडाच्या) आत कानशीचं मूळ निमुळतं टोक शिल्लक असेल तर ते तिथेच दिसेल, आणि कानस किती इंची होती याचाही अंदाज येईल. एक्स-रे काढतोच. त्याआधी रविवारी पितळेवरचा हिरवा थर लाकडी काडीने उतरवतो.