अष्टमी बघून धरलेला शनिवार

लातूरहून अण्णांचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयसमोर उभी होते. मेळाव्याची तारीख सांगितली, 13 सप्टेंबर. ते लगेच म्हणाले, "अगं, म्हाळाचे दिवस हायत की. त्यात कशाला धरलीस?" मी म्हटलं, अण्णा, मी अष्टमी बघून धरलीय.

आम्ही सिएटलच्या उत्तरेला राहतो. सहा वर्षांपूर्वी बावीस फुटांची एक जुनी बोट घेतली आणि तिचं नाव ठेवलं 'मांजरा'. आमच्यासारख्या लहान बोटी असणारे, गाडीमागे ट्रेलर लावून बोट ओढत नेणारे पुष्कळ लोक इथे आहेत. वर्षातून एकदा ते सगळे कुठल्या तरी मरिनात जमतात. मरिना म्हणजे बोटी बांधून ठेवायची जागा. पाण्यावर तरंगणारे लाकडी धक्के असतात आणि त्यांच्या मधोमध एकेका बोटीसाठी खण सोडलेले असतात. यंदा ठिकाण ठरलं फिडॅल्गो बेटावरचं अ‍ॅनाकॉर्टिस, बोटी सोळा, आणि सगळं जुळवायचं काम माझ्याकडे.

अष्टमीचं कारण असं. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं, अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर एरवीपेक्षा कमी. कोकणातल्या कोळ्यांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. मला लातूरच्या पोरीला ते इथे येऊन शिकावं लागलं. पण नुसत्या तिथीवर इथे भागत नाही. दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, त्याही सारख्या उंचीच्या नसतात. सिएटलला सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या पाण्यात सरासरी अकरा फुटांचा फरक पडतो. म्हणून तिथी बघायची आणि मग भरती-ओहोटीचा सरकारी तक्ता उघडून तास-मिनिटं लिहून काढायची.

आमच्यातल्या निम्म्या बोटी दक्षिणेकडून येणार होत्या. त्यांच्या वाटेत डिसेप्शन पास नावाची खिंड आहे, वर 1935 सालचा उंच पूल. भरती-ओहोटीचं सगळं पाणी त्या चिंचोळ्या फटीतून आत-बाहेर करतं आणि त्याचा वेग आठ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरच्या जवळ जातो. लहान इंजिनाची बोट त्या ओढीपुढे जागची हलत नाही, वर भोवरे. पाणी वळायच्या आधी थोडा वेळ निवांत होतं, तेवढ्यात पार व्हायचं. सगळ्यांना कळवलं : तक्त्यातल्या वेळेच्या अर्धा तास आधी पुलाच्या अलीकडे येऊन थांबा. ज्यांना भीती वाटते त्यांनी स्विनोमिश कालव्यातून फिरून या, त्यात कमीपणा नाही.

मग सोळा बोटी बसवायच्या कशा? इथे रात्रीचं भाडं फुटावर असतं. लोक सांगतात बोट बावीस फुटी, पण मागे लटकलेलं इंजिन आणि पुढचा नांगराचा दांडा धरला की ती पंचवीस भरते. प्रत्येकाला टेप लावून मोजायला सांगितलं. रुंदीचा प्रश्न सोपा होता, कारण रस्त्यावर ट्रेलर न्यायचा तर साडेआठ फुटांच्या आत राहावं लागतं. लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या सोळा पट्ट्या कापल्या आणि जेवणाच्या टेबलावर मरिनाचा नकाशा मांडून तीन संध्याकाळी त्या सरकवत बसले. जे एकटेच बोट चालवत येतात त्यांना बाहेरचा मोकळा खण, म्हणजे वळायला जागा मिळते. उंच केबिनच्या हलक्या बोटी वाऱ्याच्या आडोशाला. ज्यांच्या घरात वयस्कर माणूस आहे त्यांना किनाऱ्याकडे जाणाऱ्या उताराजवळ. वाऱ्याने बोट ढकलली तर एकट्या माणसाचे हात पुरत नाहीत, म्हणून दोर पकडायला धक्क्यावर सतत दोघं उभी राहतील अशा पाळ्या लावल्या. मला विचाराल तर सगळ्या मेळाव्यात हेच काम महत्त्वाचं. नवा माणूस घाबरत आत येतो आणि समोर कुणी हात पुढे करून उभं असतं, त्या क्षणी तो आमचा होतो.

जेवणाची वेळही पाण्यानेच ठरवली. धक्का पाण्याबरोबर वर-खाली होतो, पण किनारा हलत नाही. दोन्हींना जोडणारा लोखंडी उतार भरतीला जवळजवळ सपाट असतो आणि ओहोटीला बारवेच्या पायऱ्यांसारखा खोल जातो. गरम पातेली हातात घेऊन कुणी तो उतरू नये, म्हणून जेवण पाणी वर असतानाच. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणला. मी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची आमटी नेली. आमटीचं पातेलं पुसून निघालं. उरलेले धपाटे लोकांनी सोमवारपर्यंत पुरवून खाल्ले.

दुपारी एक गोष्ट झाली ती सांगायलाच हवी. धक्क्यावर प्रत्येक खणाला गोड्या पाण्याचा नळ असतो. आमच्यातलेच एक भले गृहस्थ बोटीवरचं मीठ धूत होते. मग गप्पा लागल्या, आणि नळी तशीच समुद्रात वाहत राहिली. पिण्याचं पाणी. मला तिथे उभं राहवेना. मी जाऊन नळ बंद केला आणि त्यांना 2016 चं लातूर सांगितलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. आमच्या गल्लीत आठवड्याला एकदा टँकर यायचा आणि घरटी 200 लिटर मिळायचे. पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावली होती. एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमची आई डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, भांडी विसळलेलं संडासाला असं चार वेळा फिरवायची.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, हे संध्याकाळी सगळ्यांना सांगशील का? रविवारी सकाळी आमच्यातल्या काही बोटी एका बेटावर मुक्कामाला जाणार होत्या, तिथे प्यायचं पाणी नाही. 'मांजरा'ची टाकी वीस गॅलनची, म्हणजे 75 लिटर. चार माणसं, तीन दिवस. माणशी रोजचे सहा लिटर. लातूरच्या त्या 200 लिटरना पाच माणसं आणि सात दिवसांनी भागून बघा. जवळपास तेवढेच येतात. संध्याकाळी मी एक तांब्या आणि एक पसरट भांडं घेऊन अर्धा लिटरमध्ये चार ताटं कशी धुवायची ते करून दाखवलं. लोकांनी वह्या काढून लिहून घेतलं. आई, तुझी मोरी मी धक्क्यावर मांडली होती.

सांडपाण्याचे नियम कडक आहेत. प्युजेट साउंड या आमच्या इथल्या समुद्राच्या खाडीत 2018 पासून संडासाचं पाणी, प्रक्रिया केलेलंसुद्धा, सोडता येत नाही. मरिनातल्या पंपावर टाकी रिकामी करावी लागते. आणि समुद्राचं पाणी उन्हाळा सोडला तर दहा अंशांच्या आसपास. पट्टीचा पोहणारासुद्धा त्यात पडला की पहिल्या मिनिटात श्वास हरवतो. एकोणीस फुटांहून लहान चालत्या बोटीत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना लाइफ जॅकेट घालावंच लागतं, तसा कायदा आहे. मी मेळाव्यापुरता तो धक्क्यावरही लावला. दोन आया कुरकुरल्या. मी मागे हटले नाही.

परत आल्यावर दहा-बारा दिवसांत गावाकडून बातम्या सुरू झाल्या. मांजरा, तेरणा, सीना, सगळ्यांना पूर. परंड्याकडे माणसं बोटींनी आणि हेलिकॉप्टरने काढली. ज्या नदीचं नाव मी बोटीला दिलं, ती आमच्या सोयाबीनमध्ये शिरली होती. अण्णांचा आवाज बसला होता. पीक गेलं म्हणाले, माती पण गेली. मग थोडं थांबून विचारलं, "ते तुमच्यातली लेकरं घालत्यात ते जाकीट, ते कितीला पडतंय गं? वाडीवरची चार पोरं वढा वलांडून साळंत येत्यात."

जॅकेट वयावर नाही, वजनावर घ्यायचं असतं. 14 ते 23 किलोचं वेगळं, 23 ते 41 किलोचं वेगळं. मोठं घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि पोर खालून निसटतं. हे मी अण्णांना दोनदा समजावलं. सोमवारी ते चारही पोरांना अंगणवाडीच्या काट्यावर उभं करून आकडे कळवणार आहेत.